मराठवाड्याच्या पायाखालची जुनी भेग

इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे पैठणचे सातवाहन उभे राहतात, राष्ट्रकूटांचे कंधार उभे राहते, सन १७०८ मध्ये नांदेडच्या गोदातीरी झालेले गुरु गोविंदसिंगांचे महानिर्वाण आठवते, आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने पाहिलेला हैदराबादचा मुक्तिसंग्राम आठवतो. ही सारी माणसांची कथा होय. ती ऐकावयास आम्हांस आवडते आणि आवडावी हेही योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर ही माणसे वावरली, तिने त्यांना काळी माती दिली, नद्यांचे घाट दिले, किल्ल्यांना दगड दिला. त्या भूमीलाही एक इतिहास आहे, आणि तो माणसाच्या इतिहासापेक्षा कितीतरी जुना आहे, हे मात्र आम्ही सहसा लक्षात घेत नाही. आम्हांस ते लक्षात आणून दिले ते एका पहाटेने.

दि. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गावोगावच्या गणपतींचे विसर्जन झाले होते. मिरवणुकीतून थकून परतलेली माणसे गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि तेरणेच्या दोन्ही तीरांवरील गावे हादरली. सास्तूर, होळी, मंगरूळ, एकोंडी, राजेगाव, तळणी ही नावे तोवर शेजारच्या तालुक्यालाही नीट ठाऊक नव्हती. ती साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत आली. मृतांच्या निरनिराळ्या गणना झाल्या. कोणी आठ हजारांच्या जवळपास म्हटले, कोणी दहा हजारांच्या. भूकंपाचे मान ६.२ च्या सुमाराचे होते. जगातील मोठ्या भूकंपांशी तुलना केली तर हे मान मध्यमच म्हणावे लागेल. मग एवढा संहार का झाला, आणि मुळात तो येथे का झाला, हे दोन प्रश्न तेव्हापासून आमच्यापुढे उभे आहेत. आजचे विवेचन त्या दोन प्रश्नांसाठी आहे.

आपल्या मराठीत एक म्हणण्याची रीत आहे. जी गोष्ट पुसली जाणार नाही, बदलणार नाही, तिला आपण काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. काळा दगड म्हणजे स्थैर्य, ही समजूत त्या शब्दांत मुरलेली आहे. आणि ही केवळ अडाण्यांची समजूत नव्हती. दख्खनचे पठार हे पृथ्वीवरील अत्यंत जुन्या व स्थिर भूखंडांपैकी एक आहे, येथे मोठा भूकंप संभवत नाही, असेच विद्वानही सांगत असत. दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा या मताला पहिला मोठा धक्का बसला. पण कोयनेला मोठे धरण होते, त्यामुळे तो अपवाद म्हणून बाजूला ठेवता आला. किल्लारीच्या वेळी देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागात रंगविलेला होता. काळ्या दगडावरील आमचा विश्वास शासकीय नकाशातही उतरला होता.

त्या काळ्या दगडाखाली काय आहे, हे मात्र फार थोड्यांनी विचारले होते.

आता थोडे शास्त्राकडे वळू. दगडी कमान आपण सर्वांनी पाहिली आहे. कमानीच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट रेललेल्या असतात तोवर मधला दगड जागेवर राहतो. त्या बाजू जराशा अलग झाल्या की तो खाली सरकतो. खंडांचेही असेच होते. पृथ्वीच्या पोटातील हालचालींमुळे एखादा भूखंड दोन्ही बाजूंनी ओढला जाऊ लागला, की त्याला समांतर लांब भेगा पडतात आणि त्या भेगांमधील पट्टा हळूहळू खाली खचतो. याला भूगोलात खचदरी म्हणतात. आज आफ्रिकेच्या पूर्वभागात अशी खचदरी घडत असलेली दिसते. तेथील लांबट, खोल सरोवरे तिच्यातच साचली आहेत. ओढ टिकली तर शेवटी खंडाचे दोन तुकडे होतात व मध्ये समुद्र शिरतो. पण पुष्कळदा ती ओढ मध्येच थांबते. मग समुद्र येत नाही. मागे राहते ती एक खचलेली लांब पन्हळ.

पन्हळ रिकामी राहत नाही. आजूबाजूच्या उंच भागांतील नद्या तिच्याकडे वळतात आणि आपला गाळ तिच्यात आणून टाकतात. गावतळ्यात दर पावसाळ्यात गाळ बसतो तसेच हे. फरक इतकाच की येथे तळे शेकडो किलोमीटर लांब असते आणि पावसाळे कोट्यवधी. गाळाच्या वजनाने तळ आणखी दबतो, त्यामुळे आणखी गाळास जागा होते. वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा पंकाश्म होतो, दलदलीतील झाडपाल्याचा कोळसा होतो. वरून पाहणाऱ्यास सपाट जमीन दिसते. खाली मात्र खंडाच्या जुन्या जखमेवर गाळाच्या थरांची जाड पट्टी बांधलेली असते. जखम भरून आली तरी व्रण राहतो आणि पुढे केव्हाही ताण आला तर तो प्रथम त्या व्रणापाशीच जाणवतो. हे एक सूत्र श्रोत्यांनी मनाशी धरावे; पुढचे सर्व त्यावरच आहे.

असे एक फार जुने व्रणस्थान आपल्या दाराशी आहे. नांदेडच्या घाटावर उभे राहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर मनाने पूर्वेकडे चालू लागा. नांदेडला नदीचे पात्र काळ्या पाषाणात आहे. बिलोली आणि देगलूरच्या बाजूस गेलो की दगडाचा रंग पालटतो. काळ्याच्या जागी करडे-तांबूस ग्रॅनाइटाचे गोटे आणि टेकड्या दिसू लागतात. काळ्या पाषाणाचे पांघरूण येथे संपते आणि भूखंडाचा मूळ पाया उघडा पडतो. त्या सीमेवर मांजरा येऊन गोदावरीस मिळते. तेथून पुढे तेलंगणात, आणि आणखी खाली सिरोंच्यापाशी प्राणहिता तिला मिळते. प्राणहिता म्हणजे वर्धा आणि वैनगंगा; आणि वर्धेला मिळालेली पैनगंगा तर आपल्या नांदेड जिल्ह्याची उत्तरेची शीवच आहे. म्हणजे आमच्या दोन्ही बाजूंचे पाणी एकाच दरीत जाऊन पडते. ही दरी साधी नव्हे. चंद्रपूरच्या बाजूने आग्नेयेस निघून पूर्व किनाऱ्याकडे गेलेली ती प्राणहिता-गोदावरीची खचदरी होय. दक्षिणेचा धारवाडी भूखंड आणि ईशान्येचा बस्तरचा भूखंड यांच्यामधला हा सांधा आहे.

या सांध्याचे वय किती? त्यातील सर्वांत जुने गाळाचे खडक शंभर कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत. आदिलाबादकडे आणि चंद्रपूरच्या राजुरा-कोरपना भागात जी चुनखडी आहे, जिच्यावर आज सिमेंटचे कारखाने चालतात, ती त्या वेळच्या समुद्रात साचलेली आहे. त्यानंतर दीर्घ विश्रांती झाली. मग सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी तोच सांधा पुन्हा ताणला गेला, पुन्हा खचला. म्हणजे निसर्गाने नवी जागा शोधली नाही. जुन्या व्रणावरच पुन्हा घाव बसला. त्या काळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे सारे एकत्र होते. त्या एकत्र भूमीला आज जग गोंडवन म्हणते. हे नाव आपल्या शेजारच्या गोंडांच्या मुलखावरून पडले आहे. सन १८७२ मध्ये मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने येथील खडकांसाठी ते योजिले आणि पुढे ते साऱ्या दक्षिण गोलार्धाचे झाले.

या खचदरीतील पानेच्या पाने एकोणिसाव्या शतकापासून वाचली जात आहेत, आणि ती वाचणाऱ्यांची कथाही हृद्य आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप फावल्या वेळात जीवाश्म गोळा करीत आणि त्यांच्या संग्रहातून मध्य भारताच्या थरांचा क्रम विद्वानांस कळू लागला. सन १८६३ मध्ये एका नदीच्या पुरात त्यांचा अंत झाला. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठी फेडन यांना १८७०च्या दशकात जुन्या चुनखडीची एक फरशी सापडली. तिच्यावर समांतर ओरखडे होते. ते ओरखडे हिमनदीने वाहून नेलेल्या दगडांचे होत. ज्या चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा चढला की वर्तमानपत्रात बातमी येते, त्या चंद्रपूरवर एके काळी बर्फ सरकत होते! बर्फ वितळले, दलदली झाल्या, त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीची रानेच्या राने माजली आणि गाडली गेली. बल्लारपूर, घुग्गुस, वणी येथील कोळसा तो हाच. याच पट्ट्याच्या दक्षिण भागात, तत्कालीन हैदराबाद संस्थानात, डॉ. विल्यम किंग यांना सन १८७१ मध्ये येल्लंदूजवळ कोळसा आढळला आणि त्यातून सिंगरेणीच्या खाणी उभ्या राहिल्या. याच किंग यांनी सन १८८१ मध्ये प्राणहिता-गोदावरी खोऱ्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

सिरोंच्याच्या परिसरातील थरांत सन १९५८ ते १९६१ या काळात एका प्रचंड प्राण्याची हाडे मोठ्या संख्येने निघाली. हा शाकाहारी डायनोसॉर. त्याची मांडीची हाडे एवढी मोठी की बंगालीत मोठा पाय या अर्थाच्या शब्दांवरून त्याचे नाव बारापासॉरस ठेवण्यात आले, आणि १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष म्हणून नावाला त्यांच्या आडनावाची जोड देण्यात आली. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. चुनखडी, बर्फ, कोळसा, डायनोसॉर: खचदरी ही पृथ्वीची दप्तरखान्याची खोली आहे असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठीच. उंचावरील कागद वाऱ्यापावसाने उडून जातात. खोलगटात पडलेले तेवढे राहतात.

येथवर कथा सरळ आहे. अडचण आमच्या बाजूस येताच सुरू होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमीन फाटून शिलारस बाहेर आला आणि थरावर थर असा पसरत गेला. विहीर खणणाऱ्या कोणालाही हे थर परिचयाचे आहेत. वर मुरूम, मग ठिसूळ मांजऱ्या, मग कठीण काळा पाषाण, मध्येच एखादा तांबड्या मातीचा पट्टा, आणि पुन्हा तोच क्रम. सह्याद्रीत हे थर हजार मीटरहून अधिक जाड आहेत; पूर्वेकडे येता येता ते पातळ होतात आणि देगलूर-बिलोलीपाशी संपतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांच्याखाली झाकलेला आहे. दप्तरखान्याच्या दारावर जणू लाखेची मोहोरच बसली. गोदावरीची खचदरी वायव्येकडे येता येता या काळ्या पांघरुणाखाली शिरते आणि दिसेनाशी होते. ती तेथेच संपते, की परभणी-हिंगोलीच्या खालून आणखी पुढे जाते, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

जे डोळ्यांना दिसत नाही ते वजनाने ओळखण्याचा एक मार्ग आहे. गाळाचे खडक हलके, ग्रॅनाइट व काळा पाषाण जड. जमिनीखाली हलक्या खडकांचे खोरे असेल तर तेवढ्या पट्ट्यात गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते, आणि नाजूक उपकरणास तो फरक कळतो. दख्खनवर अशी मोजणी झाली तेव्हा दोन लांब पट्ट्यांत गुरुत्व कमी आढळले. एक कोयनेच्या बाजूस, दुसरा कुर्डुवाडीवरून जाणारा. सन १९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या भूभौतिकी शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, हे दोन्ही पट्टे म्हणजे काळ्या पाषाणाखाली दडलेल्या खचदऱ्याच होत. कल्पना मोठी आकर्षक होती. गोदावरीसारखीच खोरी आमच्याही पायाखाली. त्यांत गाळ, कदाचित कोळसा, कदाचित तेलही! वीस वर्षांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा साहजिकच पुष्कळांनी म्हटले, कुर्डुवाडीची ती दडलेली खचदरीच जागी झाली.

परंतु तर्क हा तर्कच. साक्षीदार बोलावल्याशिवाय निकाल देता येत नाही. येथे साक्षीदार म्हणजे बोअर. भूकंपानंतर किल्लारीच्या भंगरेषेजवळ ६१७ मीटर खोल बोअर घेण्यात आला आणि खालचे दगडाचे दांडे वर काढून पाहण्यात आले. दख्खनच्या या भागाची मोहोर प्रथमच फोडली जात होती. निघाले काय? पहिले ३३८ मीटर काळा पाषाण. त्याखाली गाळाचा थर: अवघा आठ मीटर. आणि त्याखाली लगेच सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइटासारखा मूळ पाषाण. हजारो मीटर गाळाने भरलेली खचदरी किल्लारीखाली नव्हती. पुढे २०११ नंतर कोयना परिसरात खोल बोअर घेतले गेले. रासाटीच्या सुमारे दीड किलोमीटर खोल बोअरमध्ये साधारण ९३० मीटरांवर काळा पाषाण संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला. मध्ये गाळाचा थर मुळीच नव्हता. गुरुत्व कमी भरण्याचे कारण गाळ नसून मूळ पाषाणातीलच हलका भाग असावा, असा विचार मग पुढे आला.

यावरून कोणी म्हणेल की, १९७३ चे ते शास्त्रज्ञ चुकले. आम्ही तसे म्हणणार नाही. दोन ठिकाणचे दोन बोअर म्हणजे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचा शेवटचा निकाल नव्हे. शिवाय त्यांनी प्रश्न विचारला म्हणून तर पुढच्यांनी जमिनीकडे पाहिले. चूक ही की आम्ही बाकीच्यांनी दीर्घकाळ प्रश्नच विचारला नाही. काळा दगड दिसला, तेथे आमचे कुतूहल संपले.

मग किल्लारी हादरली ती कशाने? येथे आपले मघाचे सूत्र उपयोगी पडते. खचदरी ही खंडाच्या जखमेची सर्वांत ठळक खूण; पण एकमेव खूण नव्हे. मूळ पाषाणात अनेक जुन्या भेगा असतात, काही खचून खोरी झालेल्या, काही नुसत्याच मिटलेल्या. भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेस सरकत हिमालयाशी रेटला जात आहे. त्या रेट्याचा दाब सबंध द्वीपकल्पात पसरतो आणि जेथे पाषाण दुबळा तेथे तो मोकळा होतो. एके काळी ओढ लागून ज्या भेगा उघडल्या, त्याच आता दाबाने उलट्या सरकतात. एक बाजू दुसरीवर चढते. किल्लारीच्या शेतांत काही ठिकाणी जमीन उचलली गेली ती याच रीतीने. भूकंपाचे मूळ फार खोल नव्हते, दहा किलोमीटरच्याही आतच होते. म्हणून मध्यम मानाचा धक्का वर येईपर्यंत भीषण झाला.

ठळक जखमांवरचा पुरावा तर भरपूर आहे. दि. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमला भूकंप झाला, तो गोदावरीच्या खचदरीतच. दि. २२ मे १९९७ रोजी जबलपूर हादरले, ते नर्मदेच्या जुन्या खचपट्ट्यात. दि. २६ जानेवारी २००१ रोजी भूज उद्ध्वस्त झाले, ते कच्छच्या. दि. ४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगूच्या परिसरात ५.३ मानाचा धक्का बसला आणि चंद्रपूर-गडचिरोलीची माणसे घराबाहेर धावली. ती पुन्हा गोदावरीचीच खचदरी. दूर अमेरिकेतही, खंडाच्या ऐन मध्यावर, मिसिसिपी नदीकाठी न्यू मॅड्रिड येथे १८११-१२ मध्ये मोठे भूकंप झाले, तेही एका बुजलेल्या पुरातन खचदरीवर. किल्लारीने या यादीला एक पुरवणी जोडली: जेथे खचदरी दिसत नाही, सापडतही नाही, तेथेही जुनी भेग असू शकते.

आणि ती भेग १९९३ साली नव्याने पडली नव्हती. बोअरमधील थर जुळवून पाहता ते पूर्वीही सरकल्याच्या खुणा मिळाल्या. इतिहासाच्या अभ्यासकास विशेष वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. तेरणेच्याच काठी, किल्लारीच्या वरच्या अंगास, तेर हे गाव आहे. पेरिप्लसच्या ग्रीक लेखकाने पैठणबरोबर ज्या तगर नगरीचा उल्लेख केला ती हीच. तेथील जुन्या अवशेषांत व मातीच्या थरांत पूर्वकाळी झालेल्या भूकंपाच्या खुणा दिसतात, असे मत काही भूशास्त्रज्ञांनी मांडले आहे. हे खरे असेल तर तगरच्या व्यापाऱ्यांनी जे अनुभवले तेच किल्लारीच्या शेतकऱ्यांनी पुन्हा अनुभवले. मधल्या शतकांत आम्ही विसरलो, एवढेच.

भूमी मात्र अधूनमधून आठवण देत असते. किनवट तालुक्यात पैनगंगेजवळ उनकेश्वरला ऊन पाण्याची कुंडे आहेत. शरभंग ऋषींसाठी श्रीरामाने बाण मारून ते पाणी काढले अशी कथा आहे. भाविकांनी ती जरूर सांगावी. शास्त्र तिला इतकेच जोडते की, पावसाचे पाणी भेगांतून पुष्कळ खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. बाणाची वाट म्हणजे भेगेची वाट. किल्लारीलाही आठवण दिली गेली होती. भूकंपापूर्वीच्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यापासून तेथे लहान धक्के जाणवत होते व जमिनीतून आवाज येत होते. २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहराच्या काही वस्त्यांत असेच लहान धक्के व गडगडाट कैक महिने चालले. वसमत, औंढा, कळमनुरी या बाजूस जमिनीतील आवाज ही आता नित्याची गोष्ट झाली आहे, दि. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे हिंगोली जिल्ह्यात ४.५ मानाचा धक्का बसला, तो नांदेड-परभणीपर्यंत कळला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत पुन्हा तसाच दुसरा. प्रत्येक लहान धक्क्यामागून मोठा येतोच असे नाही. बहुधा येतच नाही. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु दुर्लक्ष करण्याचेही नाही.

आता पहिला प्रश्न राहिला: एवढा संहार का झाला? त्याचे उत्तर भूशास्त्रात कमी आणि आमच्या घरांत अधिक आहे. या भागातील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंती आणि डोक्यावर लाकडावर थापलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ते गार राहते, त्यावर धान्य वाळते, रात्री झोपता येते; दरसाल वर माती टाकीत गेल्याने त्याचे ओझे मात्र वाढतच जाते. भिंतीची बाहेरची व आतली फळी एकमेकींत गुंफलेली नसते. हादरा बसताच दोन्ही फळ्या फुटून दगड ढासळले आणि माळवद झोपलेल्यांवर आले. जेथे लाकडी खण भक्कम होते, तेथे भिंती पडूनही काही ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसे वाचली. तोच भूकंप, तेच गाव. मरणे-वाचणे एका खांबाच्या सांध्यावर ठरले.

भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठे पुनर्वसन केले. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. सन २००२ च्या सुधारित भूकंप-संहितेत देशाच्या नकाशातील तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. भारतात अगदी निर्धास्त अशी जमीन नाही, हे अधिकृतपणे मान्य झाले. हा फार मोलाचा धडा होता, आणि तो शिकविण्याची फी आमच्या खेड्यांनी दिली.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, या इतिहासाला आपला इतिहास माना. राजांच्या सनावळ्या आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. त्याच मुलांना एकदा देगलूरच्या वाटेवर नेऊन काळा पाषाण संपून ग्रॅनाइट कोठे सुरू होतो ते दाखवावे, उनकेश्वरचे पाणी ऊन का ते सांगावे, विहिरीचे थर मोजावयास लावावेत. पायाखालची भेग आम्हांस बुजवता येणार नाही. ती आमच्यापूर्वी होती, आमच्यामागेही राहील. भिंतीचे दोन पदर मात्र आम्हांस जोडता येतील, त्यांत आरपार दगड घालता येतील, दाराखिडकीवरून चौफेर पट्टा फिरवता येईल, माळवदावरची जादा माती उतरवता येईल, घर बांधताना गवंड्याला चार प्रश्न विचारता येतील. लातूर-नांदेडला आज मजल्यावर मजले चढत आहेत. ते चढविताना तेरणेकाठची ती पहाट आठवावी.

काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही, असे आपण म्हणतो. किल्लारीने आमच्या काळ्या दगडावर एक रेघ ओढली आहे. ती वाचावयाची की नाही, एवढेच आमच्या हाती आहे.